टॅटूचा टच-अप: कधी करावा, कधी थांबावं आणि कधी नाद सोडावा

टॅटू काढून बारा-तेरा दिवस झाले होते. डाव्या मनगटाजवळ, नेच्याच्या पानाचा देठ जिथे वळतो तिथे, नखाच्या टोकाएवढी रेघ दिसेनाशी झाली होती. आजूबाजूची कातडी चकचकीत आणि दुधाळ. काळा रंग काळा राहिलाच नव्हता, राखेसारखा झाला होता. मी घाबरून आर्टिस्टला फोटो पाठवला आणि विचारलं, "रेघ उडाली, उद्या येऊ का?" उत्तर आलं, "ताई, आत्ता नको. दीड महिन्याने या, आणि तोवर रोज बघत बसू नका."

रागच आला होता. दीड महिन्याने पाहिलं तर राखेचा पुन्हा कोळसा झाला होता. देठाची रेघ मात्र खरोखरच तुटलेली होती. म्हणजे तक्रार निम्मी खोटी आणि निम्मी खरी निघाली. टच-अप, म्हणजे शाई बसली नाही तिथे ती पुन्हा घालणं, करून घ्यायचा तर आधी ही वाटणी करता यायला हवी, म्हणून सुरुवात सुईपासून न करता कातडीपासून करते.

शाई राहते कुठे

त्वचेचा सगळ्यात वरचा थर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाच जाड असतो आणि तो सतत झडत असतो. चार ते सहा आठवड्यांत तो जवळजवळ नवा होतो. टॅटू तिथे टिकणार नाही हे उघड आहे. म्हणून सुई त्याच्याही खालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल जाते. त्याहून वर राहिली तर शाई झडते. फार खोल गेली तर शाई चरबीच्या थरात पोचते आणि पसरते. टच-अपच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी या एवढ्याशा फरकातून जन्मतात.

शरीराच्या लेखी शाई म्हणजे घुसखोर. तिचा फडशा पाडायला भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, धावून येतात आणि कण गिळतात. गिळतात खऱ्या, पण पचवू शकत नाहीत. त्या तिथेच अडकून बसतात आणि आपल्याला टॅटू दिसतो. पुढे काय होतं, हे फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांच्या शेपटीवर टॅटू काढून दाखवलं. शाईने भरलेल्या पेशी त्यांनी मुद्दाम मारल्या, तरी टॅटू जसाच्या तसा राहिला, कारण मेलेल्या पेशींनी सोडलेली शाई नव्याने आलेल्या पेशींनी उचलून घेतली. थोडक्यात, तुमचा टॅटू आयुष्यभर या हातातून त्या हातात जात असतो. काही कण लसिकाग्रंथींपर्यंतही पोचतात. टॅटू असलेल्यांच्या ग्रंथी कधी कधी रंगीत दिसतात त्या यामुळेच.

वर्षांगणिक रेघा जाड आणि कडा मऊ होतात त्याचं कारणही इथेच आहे. टॅटू कातडीवर रंगवलेला नसतो, जिवंत मांसात सांभाळलेला असतो. काळी शाई मात्र चिवट. आल्प्समध्ये १९९१ साली सापडलेल्या ओट्झी या बर्फातल्या माणसाच्या अंगावर कोळशाच्या काजळीने केलेल्या ६१ खुणा आजही मोजता येतात, आणि तो पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वी मेला.

पहिली पायरी: जखम भरण्याचे टप्पे ओळखा

पहिले दोन-तीन दिवस टॅटू पाझरतो. शाई मिसळलेला पातळ द्राव कपड्याला, उशीला लागतो आणि वाटतं, सगळा रंग वाहून चालला. तसं नसतं. वर साचलेली जादा शाई निघत असते. दिवसातून दोन-तीनदा कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण वापरून हाताने धुवा, स्वच्छ कागदी रुमालाने टिपून घ्या (पुसू नका) आणि बिनवासाच्या लोशनचा अगदी पातळ हात फिरवा. "जितकं जास्त तितकं बरं" हा हिशेब इथे उलटा पडतो. पेट्रोलियम जेलीचा जाड थर चोपडला की कातडी कोंदटते, खपली भिजून मऊ होते आणि शाईसकट सुटते.

काही आर्टिस्ट चिकट पारदर्शक फिल्म लावून देतात, बोलीत सेकंड स्किन. ती सांगितलेले दिवस, बहुधा तीन ते पाच, तशीच ठेवायची. आत काळपट पाणी साचलं तर घाबरू नका. पण कड उचलली जाऊन पाणी बाहेर झिरपायला लागलं तर फिल्म लगेच काढा, कारण आता बाहेरचं आतही जाऊ शकतं. फिल्मच्या आकाराचीच लाल, खाजरी चौकट उमटली तर तुम्हाला तिचा गोंद सोसत नाही. टॅटूत काही बिघडलेलं नसतं. काढताना कोमट पाण्याखाली धरा आणि कातडीला समांतर ओढा. पट्टी उपटावी तशी उपटू नका.

चौथ्या दिवसापासून साधारण दोन आठवडे सोलवटण्याचे. सगळ्यात जास्त नुकसान याच दिवसांत होतं आणि बहुतेकदा आपल्याच नखांनी. पापुद्रा आणि खपली यांतला फरक समजून घ्या. पापुद्रा पातळ असतो, उन्हाने सोललेल्या पाठीसारखा. तो रंगीत दिसला तरी त्यातली शाई वरच्या थराची, तशीही जाणारीच. खपली जाड, टणक आणि वाळलेली असते. एकाच जागी सुई फार वेळा फिरली किंवा जखम फार सुकली की ती धरते. खपलीची मुळं खाली असतात. ओढलीत की तिच्यासोबत शाईचा तुकडा येतो आणि तिथे पांढरी खाच राहते. खाज सुटली तर वरून थोपटा, थोडं लोशन लावा, पण खाजवू नका. झोपेत खाजवायची सवय असेल तर नखं मुळापासून कापा आणि सैल सुती बाहीत झोपा.

दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात टॅटू सगळ्यात केविलवाणा दिसतो. वर नवी कातडी आलेली असते, पण तिची घडी नीट बसलेली नसते. त्यामुळे प्रकाश विखुरतो आणि काळा रंग राखाडी, लाल रंग गुलाबी वाटतो. बटर पेपरखाली चित्र ठेवल्यासारखं. माझी निम्मी खोटी तक्रार ती हीच. कातडी निवली की हा पडदा आपोआप विरतो. वरून सगळं ठीक दिसलं तरी आतली डागडुजी दोन-तीन महिने चालते, आणि तिथल्या तंतूंची फेररचना त्याहूनही पुढे.

पूर्ण भरेपर्यंत पोहायला जाऊ नका, टबात बुडून बसू नका आणि ऊन टाळा. सनस्क्रीन उघड्या जखमेवर लावायचं नसतं. तोवर कपड्याने झाका.

मधे एक थांबा: हा दोष आहे की आजार?

लाली दिवसागणिक कमी व्हायला हवी. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर ती वाढत असेल, जागा गरम लागत असेल, पू येत असेल, लाल रेघा वर चढत असतील किंवा ताप आला असेल, तर हे काम टॅटू आर्टिस्टचं नाही, डॉक्टरांचं आहे, आणि त्याच दिवशी. आठवड्यांनंतर उठणारे बारीक लाल फोडही हलक्यात घेऊ नका. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये १९ जणांच्या टॅटूवर असे फोड आले होते. दोष कारागिराच्या हाताचा नव्हता. आधीच पातळ करून आलेल्या करड्या शाईतच जंतू होते, आणि तेही साध्या प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जातीचे. टच-अपला जाल तेव्हा शाई कशाने पातळ करता, हा प्रश्न मी विचारायला लावते तो यासाठी.

लाल रंगाची गोष्ट वेगळी. टॅटूच्या शाईची ॲलर्जी सगळ्यात जास्त लाल रंगाला येते, आणि ती महिन्यांनी, कधी वर्षांनीही उमटू शकते. चित्रातला फक्त लाल भाग उंच होऊन खाजत राहिला तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तो भाग "जरा उजळ करून" घेणं म्हणजे आगीत तेल.

दुसरी पायरी: उजेडात बसून तपासा

सहा आठवडे झाले की एका सकाळी खिडकीशी बसा. दिवा नको, फ्लॅश नको. जागा धुऊन कोरडी केलेली असावी. कातडी हलकेच ताणून बघा, मग सैल सोडून बघा, कारण घडीतली रेघ ताणल्यावर जोडलेली निघते, असं बऱ्याचदा होतं. फोटो काढा. मात्र त्याची तुलना टॅटू काढला त्या दिवशीच्या फोटोशी करू नका. त्या दिवशी शाई दोन्ही थरांत होती, कातडी लाल होती आणि वर मलमाची चकाकी होती. तेवढा गडद तो पुन्हा कधीच दिसणार नाही.

आता काय दिसतं ते वेगवेगळं लिहून काढा.

तुटलेली रेघ, भरीव काळ्यातले टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके, शेडिंगमधला एखादा पुसट पट्टा, या टच-अपच्या खऱ्या जागा. शाई तिथे बसली नाही, पुन्हा घालायची, संपलं.

रेघेभोवती निळसर धूर दिसतो का? टिपकागदावर शाईचा थेंब पसरावा तसा? त्याला ब्लोआऊट म्हणतात. पहिल्या दोन आठवड्यांत साधं काळंनिळं झालेलंही असंच दिसतं, पण ते पिवळट होऊन विरतं. धूर तसाच राहिला तर शाई खोल गेली आहे. मनगटाची आतली बाजू, घोटा, दंडाची आतली बाजू अशा पातळ कातडीवर हे जास्त होतं. टच-अपने ब्लोआऊट जात नाही, कारण टच-अप शाई घालतो, काढत नाही. फार तर रेघ थोडी जाड करून किंवा बाजूला शेडिंग देऊन धूर लपवता येतो, नाहीतर लेझर. "वरून बारीक रेघ मारतो, बसेल" असं कुणी म्हणालं तर उठून यावं.

रेघ बोटाला उंच लागते? घाम आल्यावर किंवा हवा बदलल्यावर जुन्या टॅटूच्या रेघाही तासाभरासाठी फुगतात आणि बसतात. त्यात काही नाही. कायम उंच असेल तर तो व्रण आहे. व्रणावर शाई कशी बसेल ते सांगता येत नाही. जखमेबाहेर वाढत जाणारा केलॉइड ज्यांना होतो, त्यांनी टच-अपचा विचार डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करूच नये.

आणि मग उरतं ते "मला वाटलं होतं तसं दिसत नाही". ही नक्षीची तक्रार, भरण्याची नाही. ती टच-अपच्या नावाखाली सुधारून घ्यायला गेलं की चांगल्या टॅटूचाही बट्ट्याबोळ होतो.

तिसरी पायरी: थांबा, पण किती?

नुसत्या रेघा असतील आणि भरताना त्रास झाला नसेल तर सहा आठवडे पुरतात. भरगच्च रंग किंवा काळं भरकाम असेल तर मी आठ धरते. जाड खपल्या धरल्या असतील किंवा जंतुसंसर्ग झाला असेल तर तीन महिने. उन्हाने रापलेल्या कातडीवर करून घेऊ नका, तो थर उतरू द्या. गरोदरपणात टच-अप पुढे ढकलला तर काही बिघडत नाही. मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, किंवा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइन नुकतंच घेतलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. टॅटूसाठी गोळी स्वतःहून बंद करणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

उशिराची भीती बाळगू नका. सहा महिन्यांनी किंवा दोन वर्षांनी केलेला टच-अप तेवढाच चांगला बसतो. घाईत केलेला मात्र कच्च्या कातडीवर पुन्हा जखम करतो आणि व्रण सोडतो.

चौथी पायरी: कुणाकडे, आणि काय विचारायचं

शक्यतो मूळ आर्टिस्टकडेच. कोणती शाई, किती जाडीची सुई, हात कुठे हलका ठेवला होता, हे त्यालाच माहीत असतं. पहिला टच-अप मूळ कामातच धरायची पद्धत बऱ्याच जणांची असते, पण किती महिन्यांपर्यंत ते सुरुवातीलाच विचारून ठेवावं. खपली तुम्हीच ओढली असेल तर तसं सांगा. ते पाहताक्षणी कळतं, आणि सांगितलंत तर तो त्या जागेवर हात जपून चालवतो.

मूळ कामातच खोट असेल तर मात्र दुसरा आर्टिस्ट शोधा, आणि ताज्या टॅटूंचे फोटो न मागता वर्ष-दोन वर्षं झालेल्या टॅटूंचे मागा. ताजा टॅटू सगळ्यांचाच झकास दिसतो.

सुईचं पाकीट तुमच्यासमोर फुटायला हवं, शाई एकदाच वापरायच्या छोट्या टोपणात काढलेली हवी, आणि पातळ करायची तर निर्जंतुक पाण्याने. नळाचं पाणी नको. "फक्त तेवढीच जागा करणार की सगळ्यावरून पुन्हा फिरवणार?" हेही विचारा. बरोबर उत्तर बहुतेकदा "तेवढीच" हे असतं.

रंग असेल तर आणखी एक अडचण. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा आणल्या. बऱ्याच शायांमध्ये असणारं एक निळं आणि एक हिरवं रंगद्रव्य जानेवारी २०२३ पासून त्यात आलं. त्यानंतर अनेक उत्पादकांनी शायांचे घटक बदलले. त्यामुळे जुन्या टॅटूतली नेमकी तीच छटा मिळेल असं गृहीत धरू नका.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष टच-अप

आधीचा आठवडाभर रोज लोशन लावा, त्या दिवशी लावू नका. पोटभर खाऊन जा, आदल्या रात्री दारू नको. बधिर करणारं क्रीम लावायचं असेल तर आधी सांगा, त्याने कातडीचा पोत बदलतो आणि आर्टिस्टला अंदाज चुकवतो.

माझ्या देठाला बारा मिनिटं लागली. त्यातली आठ तयारीची. हात धुऊन, केस काढून, त्याने भिंगाच्या दिव्याखाली रेघेची दोन्ही तुटकी टोकं पाहिली. सुई नेमक्या तुटक्या टोकावर न टेकवता थोडी अलीकडे, आधीच्या काळ्या रेघेत टेकवली, तिथून खाच ओलांडली आणि पलीकडच्या काळ्यात शिरल्यावर हात अलगद उचलला, विमान धावपट्टीवरून सुटावं तसा. नाहीतर सांध्यावर गाठ दिसते. एकाच वेळी, एकाच हाताने. "राहिलं असेल तर पुन्हा या," तो म्हणाला, "पण आज दुसऱ्यांदा नाही फिरवणार, इथली कातडी पातळ आहे."

दुखतं पहिल्याएवढंच, फक्त लवकर संपतं. जपणूक पहिल्यासारखीच, जागा लहान म्हणून सूट नाही. नवा तुकडा काही आठवडे ठिगळासारखा जास्त काळा दिसतो. तो बसतो. पुन्हा सहा आठवडे.

बोटांच्या कडा, तळवे, तळपाय आणि ओठांची आतली बाजू यांचं गणित निराळं. तिथली कातडी जाड तरी असते, सतत घासली तरी जाते किंवा भराभर बदलते तरी. शाई टिकली तर नशीब. प्रत्येक टच-अपबरोबर तिथे व्रण आणि ब्लोआऊटची शक्यता वाढत जाते. माझं मत विचाराल तर दोन प्रयत्न, तिसरा नको.

पाच-दहा वर्षांनी

जुन्या टॅटूसाठी वेळ घेण्याआधी एक साधी परीक्षा करा. टॅटू पाण्याने ओला करा आणि बघा. ओला असताना रंग खुलून येत असेल तर शाई जाग्यावर आहे, वरची कातडी कोरडी पडली आहे. महिनाभर नेमाने लोशन लावा, मग ठरवा.

खरोखर फिकटला असेल तर बहुधा उन्हाने. अतिनील किरणांतले लांब तरंगलांबीचे किरण शाई असते त्या थरापर्यंत पोचतात आणि रंगाचे कण फोडतात. पांढरा पिवळट होतो, फिकट गुलाबी आणि पिवळा आधी हरवतात, काळा सगळ्यात शेवटी. भरलेल्या टॅटूवर बाहेर पडताना एसपीएफ ३० किंवा त्याहून वरचं सनस्क्रीन हा सगळ्यात स्वस्त टच-अप आहे. सावळ्या कातडीवर रंग मुळातच तपकिरी काचेआडून बघितल्यासारखे दिसतात, कारण कातडीचं स्वतःचं रंगद्रव्य शाईच्या वर असतं. तिथे रंग "उजळवण्यासाठी" पुन्हा पुन्हा सुई फिरवली तर रंगाऐवजी काळे डाग वाढतात. काळ्याचा गडदपणा वाढवून बाकीचं मोकळं सोडणं जास्त फळतं.

रुंदावलेल्या जुन्या रेघेवर बारीक रेघ ओढून ती बारीक होत नाही. मिटलेल्या "अ"चा पोकळ भागही टच-अपने उघडत नाही. जुन्या टॅटूत करण्याजोगं काम म्हणजे काळं पुन्हा काळं करणं, सावली-उजेडातलं अंतर वाढवणं आणि हरवलेल्या एक-दोन कडा परत आणणं. अक्षरं लहान काढली असतील तर त्याचं उत्तर कव्हर-अप (जुनं झाकणारं नवं चित्र) किंवा लेझरने काढणं, आणि दोन्ही टच-अपपेक्षा फार मोठी कामं आहेत.

माझा नेचा आता सहा वर्षांचा आहे. देठाचा सांधा कुठला, ते मलाही शोधावं लागतं. उजव्या मधल्या बोटाच्या कडेवरचा ठिपका मात्र दोनदा भरून घेतला आणि दोन्ही वेळा उडाला. तिथे आता करडा डाग आहे. पेनची शाई लागली का, असं कुणी विचारलं की मी हो म्हणते.